चौकटीत न मावलेली माणसं

२०.०६ सेकंद. दोनशे मीटर धावण्याचा ऑस्ट्रेलियातला पुरुषांचा हा विक्रम ५६ वर्षं कुणाला मोडता आला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गाउट गाउट नावाचा सोळा वर्षांचा मुलगा ब्रिस्बेनमध्ये २०.०४ सेकंदांत धावला आणि तो आकडा मागे पडला. मुलाचे आईवडील दक्षिण सुदानमधून ऑस्ट्रेलियात आलेले. बातमी वाचून मला आनंद झाला, आणि लगेच पीटर नॉर्मन आठवला. मोडलेला विक्रम त्याचा होता. दोन काळ्या अमेरिकन धावपटूंनी वर्णभेदाच्या निषेधात पदकमंचावर मुठी उंचावल्या, त्या एका फोटोमुळे सगळं जग त्या माणसाला ओळखतं, पण तो किती वेगाने धावला होता हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १६ ऑक्टोबर १९६८ ला मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये त्याने ती वेळ नोंदवली आणि त्यानंतर थोड्याच वेळात तो त्या पदकमंचावर जाऊन उभा राहिला.

त्या रात्री मी ‘सॅल्यूट’ हा माहितीपट पुन्हा पाहिला. २००८ सालचा आहे. दिग्दर्शक मॅट नॉर्मन हा पीटरचा पुतण्या. काकावर त्याचं जिवापाड प्रेम आहे आणि ते प्रत्येक प्रसंगात जाणवतं. मला ते खटकत नाही. प्रेमाने केलेल्या कामात काही कोपरे अंधारात राहतात, त्याबद्दल पुढे बोलेनच. पण त्या प्रेमामुळेच पदकमंचावरचे तिघंही जण कॅमेऱ्यापुढे इतके मोकळे झाले आहेत की इतर कुणाला ते साधलं नसतं.

फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. ‘लाइफ’ मासिकाचे जॉन डॉमिनिस यांनी टिपलेला. मधे सुवर्णपदक जिंकलेला टॉमी स्मिथ, उजवा हात सरळ वर, मुठीवर काळा हातमोजा. मागे कांस्यपदक विजेता जॉन कार्लोस, डावी मूठ वर. दोघांच्या माना खाली. पायांत बूट नाहीत, नुसते काळे मोजे. पुढे एक गोरा माणूस, हात खाली सोडून ताठ उभा. वर्षानुवर्षं लोक त्याच्याकडे बघून म्हणत आले की हा बिचारा चुकून यात सापडला. माझाही बराच काळ तोच समज होता.

फोटोची ताकद मोठी असते, पण तो आधीचं आणि नंतरचं सगळं कापून टाकतो. त्या तिघांना तिथपर्यंत कुणी आणलं आणि तिथून उतरल्यावर त्यांचं काय झालं, हे त्यात मावत नाही. माहितीपटाने मला तेच परत दिलं.

टॉमी स्मिथ टेक्ससमधल्या एका बटाईदार शेतकऱ्याच्या घरातला, बारा भावंडांतला सातवा. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात आलं, तिथेही शेतात कापूस वेचणं सुटलं नाही. जॉन कार्लोस न्यूयॉर्कच्या हार्लेममधला, वडील चपलाबूट दुरुस्त करायचे. कार्लोसने स्वतः सांगितलंय की लहानपणी त्याला ऑलिंपिकमध्ये पोहायचं होतं. काळ्या मुलाला सरावासाठी तलावच मिळणार नाही, हे वडिलांना त्याला समजावून सांगावं लागलं. दोघंही कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात शिकायला आले. तिथले प्रशिक्षक बड विंटर यांनी एवढे वेगवान धावपटू घडवले होते की त्या गावाला ‘स्पीड सिटी’ म्हणायचे. विद्यापीठासाठी पदकं आणणाऱ्या या मुलांना विद्यापीठाजवळ भाड्याने खोली मात्र मिळत नव्हती. घरमालक दार उघडायचे, चेहरा बघायचे आणि खोली गेली म्हणायचे.

तिथेच हॅरी एडवर्ड्स हे समाजशास्त्र शिकवणारे तरुण प्राध्यापक होते. स्वतः खेळाडू राहिलेले. १९६७ च्या सप्टेंबरमध्ये घरांच्या आणि इतर भेदभावाच्या प्रश्नावर त्यांनी आंदोलन उभारलं. मोसमाचा पहिला फुटबॉल सामना विद्यापीठाला रद्द करावा लागला. लोक काळ्या विद्यार्थ्यांचं ऐकत नाहीत, पण शनिवारचा सामना बुडाला की ऐकतात, हे एडवर्ड्स यांना तिथे दिसलं. त्यातूनच पुढच्या महिन्यात ‘ऑलिंपिक प्रोजेक्ट फॉर ह्यूमन राइट्स’ ही संघटना उभी राहिली. मागण्या नेमक्या होत्या. व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिला म्हणून काढून घेतलेलं मुहम्मद अलीचं विजेतेपद परत करा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदावरून एव्हरी ब्रंडेज यांना हटवा. काळ्या प्रशिक्षकांना नेमा. दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशिया (आजचा झिम्बाब्वे) या वर्णभेदी राजवटींना ऑलिंपिकमध्ये येऊ देऊ नका.

शेवटची मागणी, निदान दक्षिण आफ्रिकेपुरती, मान्य झाली. अनेक देशांनी बहिष्काराचा इशारा दिल्यावर एप्रिल १९६८ मध्ये दक्षिण आफ्रिकेचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केपटाउनमध्ये जन्मलेल्या, गोऱ्या नसलेल्या बॅसिल डॉलिव्हेराला इंग्लंडच्या संघात घेतल्यावरून दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडचा क्रिकेट दौरा नाकारला, हे क्रिकेटवेड्या मराठी वाचकाला आठवत असेल. आणि सहा वर्षांनी याच लढ्याचा एक धागा आपल्या पुण्यात येऊन पोचला. १९७४ मध्ये भारताने पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून टेनिसच्या डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका होती. भारताने खेळायला नकार दिला आणि चषक न खेळताच समोरच्यांना गेला. विजय आणि आनंद अमृतराज त्या संघात होते, ऐन उमेदीत होते. त्या नकाराची किंमत या खेळाडूंनी मोजली आणि आपण ती पुरेशी लक्षात ठेवली नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मेक्सिकोकडे वळते. काळ्या खेळाडूंनी ऑलिंपिकवरच बहिष्कार टाकावा, अशी मूळ कल्पना होती. ती बारगळली, कारण आयुष्यभर ज्यासाठी घाम गाळला ते सोडायला सगळे तयार होईनात, आणि त्यांना दोष देणारी मी कोण? शेवटी ज्याने त्याने आपल्या परीने निषेध करावा असं ठरलं. त्या वर्षाचं वातावरणही ध्यानात घ्यायला हवं. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले. मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्को चौकात २ ऑक्टोबरला विद्यार्थ्यांवर गोळीबार होऊन कित्येक जण ठार झाले आणि दहाच दिवसांनी, १२ तारखेला, त्याच शहरात ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. शांततेची कबुतरं उडाली. मला ते दहा दिवस विसरता येत नाहीत.

शर्यत स्वतः पाहण्यासारखी आहे. उपांत्य फेरीत स्मिथच्या जांघेतला स्नायू दुखावलेला. तो धावेल की नाही याचीच शंका. वळणावर कार्लोस पुढे. सरळ पट्ट्यावर आल्यावर स्मिथने जी लांब ढांग टाकायला सुरुवात केली, ती पाहताना आजही अंगावर काटा येतो. शेवटच्या काही पावलांत त्याने दोन्ही हात वर केले आणि तरीही १९.८३ सेकंदांचा जागतिक विक्रम झाला. सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर असताना मागून नॉर्मन आला. वळणावर तो कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. शेवटच्या क्षणी त्याने कार्लोसला गाठलं, २०.०६ विरुद्ध २०.१०.

मग पदक समारंभाआधीची ती खोली. मला माहितीपटातला हा भाग सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण इथे तीन तरुण एकमेकांशी बोलताहेत. स्मिथच्या पत्नीने, डेनिसने, हातमोजे घेतले होते. कार्लोस आपले क्रीडाग्रामात विसरून आला. एकच जोडी, माणसं दोन. एकेक घाला, असं सुचवलं नॉर्मनने. म्हणून एकाची उजवी मूठ वर आहे आणि दुसऱ्याची डावी. स्मिथने गळ्यात काळा रुमाल बांधला. कार्लोसने मणी घातले, जमावाने ठार मारलेल्या, झाडाला टांगलेल्या काळ्या माणसांच्या आठवणीसाठी. जाकिटाची चेन उघडी ठेवली, कष्टकऱ्यांसाठी. बूट काढले ते गरिबीची खूण म्हणून. काहीही आयत्या वेळचं नव्हतं. ते दोघे अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढाऊ ब्लॅक पँथर पक्षाचे होते असं आपल्याकडे काही जण धरून चालतात. ते त्या पक्षाचे नव्हते. पण १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही मंडळी दलित पँथर उभारत होती, तेव्हा अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याची धग त्यांच्यापर्यंत पोचलेली होती, आणि त्या धगीत या दोन मुठींचाही वाटा असणार असं मला मनापासून वाटतं.

त्यांनी नॉर्मनला विचारलं की माणसाच्या हक्कांवर तुझा विश्वास आहे का. तो साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी पंथाच्या घरात वाढलेला, शाळेत खेळ शिकवणारा. आहे, म्हणाला, आणि मी तुमच्याबरोबर उभा राहीन, असंही म्हणाला. कार्लोसने नंतर अनेकदा सांगितलंय की त्याला या गोऱ्या माणसाच्या डोळ्यांत भीती दिसेल असं वाटलं होतं, दिसलं ते प्रेम. नॉर्मनला संघटनेचा तो गोल पांढरा बिल्ला हवा होता. मंचाकडे जाताना वाटेत पॉल हॉफमन भेटला. अमेरिकेच्या नौकानयन संघाचा सुकाणू धरणारा, हार्वर्डचा, गोरा. त्याने आपल्या छातीवरचा बिल्ला काढून दिला. एवढ्याशा कृतीसाठी त्याला पुढे स्वतःच्या देशाच्या समितीसमोर चौकशीला उभं राहावं लागलं. फोटोत तो कुठेच नाही. बिल्ला आहे, नीट पाहिलं तर नॉर्मनच्या छातीवर दिसतो.

आणि मग राष्ट्रगीत. इथे एक गोष्ट आहे जी कळल्यापासून मी तो फोटो वेगळ्या नजरेने पाहते. तिघंही झेंड्यांकडे वळले तेव्हा नॉर्मन सगळ्यांत पुढे होता. ते दोघं त्याच्या पाठीमागे. मुठी वर गेल्या की नाही, हे त्याला दिसतच नव्हतं. त्याने पुढे सांगितलं की गर्दीतून कुणी तरी अमेरिकेचं राष्ट्रगीत गात होतं, तो आवाज हळूहळू विरला, स्टेडियम गप्प झालं, आणि त्यावरून त्याने ओळखलं की यांनी ठरवल्याप्रमाणे केलं आहे. आपण ज्यांना साथ देतोय ते मागे नेमकं काय करताहेत हे त्याला वळून बघता येत नव्हतं, आणि ते बघण्याची त्याला गरजही वाटली नाही. या भरवशाला माझ्या मनात फार मोठी जागा आहे.

पुढचं सगळं भराभर घडलं. ऑलिंपिक समितीने दडपण आणलं, अमेरिकेचा सगळा मैदानी संघ घरी पाठवू असं धमकावलं. दोघांना संघातून काढून क्रीडाग्रामाबाहेर केलं. शिकागोच्या एका स्तंभलेखकाने त्यांना काळ्या कातडीचे नाझी सैनिक ठरवलं. ज्या ब्रंडेजनी खेळात राजकारण नको म्हणून ही कारवाई केली, तेच १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमेरिकन समितीचे अध्यक्ष होते आणि तिथे मंचावर होणाऱ्या नाझी सलामीवर त्यांनी हरकत घेतली नव्हती. पदकं काढून घेतली असं वाचायला मिळतं, ते खरं नाही. पदकं त्यांच्याकडेच राहिली. बाकी बरंच काही गेलं.

किती गेलं हे दोघांच्या चेहऱ्यांवर दिसतं. जिवे मारण्याच्या धमक्या, हातातून निसटणाऱ्या नोकऱ्या, घरावरचा ताण. जगातला सगळ्यांत वेगवान माणूस साध्या पोटापाण्याच्या कामासाठी वणवण करत होता. कार्लोसची पत्नी किम हिने १९७७ मध्ये आयुष्य संपवलं. कार्लोसने स्वतः याबद्दल बोलताना त्या काळातल्या छळाचा आणि ओढगस्तीचा उल्लेख केला आहे. धीर दाखवला तो मुठी वर केल्या त्या मिनिटभरात, असं आपण म्हणतो. मला वाटतं खरा धीर लागला तो पुढच्या वीस-तीस वर्षांत, जेव्हा बघायला कुणी नव्हतं आणि एक माफीनामा लिहून दिला असता तर बरंच सोपं झालं असतं. त्यांनी तो दिला नाही. स्मिथ पुढे शिकवत राहिला, प्रशिक्षक झाला. कार्लोस एका शाळेत मुलांचा समुपदेशक झाला. माहितीपटात हे तिघं वयस्क मित्र एकत्र हसतात, जुन्या गोष्टी काढतात, तेव्हा त्या हसण्यामागचे ते हिशेब मला ऐकू येतात.

आता नॉर्मनबद्दल. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या मजकुरांत त्याची गोष्ट अशी सांगितली जाते की ऑस्ट्रेलियाने त्याला वाळीत टाकलं, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला मुद्दाम पाठवलं नाही, २००० च्या सिडनी ऑलिंपिकला घरच्याच सोहळ्यात बोलावलं नाही. माहितीपटाचा सूरही साधारण हाच आहे. ऑस्ट्रेलियन ऑलिंपिक समिती हे मान्य करत नाही. १९७२ च्या राष्ट्रीय निवड स्पर्धेत तो तिसरा आला होता, हेही खरं. पण ११ ऑक्टोबर २०१२ ला ऑस्ट्रेलियाच्या संसदेने ठराव करून त्याची माफी मागितली, परतल्यावर मिळालेल्या वागणुकीबद्दल आणि वेळेत सन्मान न केल्याबद्दल. त्याची नव्वदी ओलांडलेली आई, थेल्मा, ती ऐकायला होती. तो मात्र सहा वर्षांपूर्वीच गेला होता. माझं मत विचाराल तर, कुणी लेखी बंदी घातली होती की नाही यावर मी फार अडून बसणार नाही. रौप्यपदक आणि राष्ट्रीय विक्रम नावावर असलेल्या माणसाचा पुतळा मेलबर्नमध्ये उभा राहायला २०१९ उजाडावं लागलं, एवढं मला पुरेसं आहे.

तरीही त्या फिरत्या मजकुरांत मला एक गोष्ट सलते. त्यात नॉर्मन हळूहळू मधोमध येतो आणि स्मिथ-कार्लोस पार्श्वभूमीला जातात. जणू सगळ्यांत जास्त सोसलं ते गोऱ्या माणसाने. माहितीपटही काही जागी त्या उताराला लागतो. सावरतो तो नॉर्मनच. स्वतःला मोठं करणारं एकही वाक्य तो बोलत नाही. सॅन होजे स्टेटमध्ये २००५ साली या क्षणाचं भव्य शिल्प उभारलं गेलं. त्यात स्मिथ आहे, कार्लोस आहे, दुसऱ्या क्रमांकाची जागा रिकामी आहे. नॉर्मनचीच ती इच्छा होती, म्हणजे येणाऱ्या कुणालाही तिथे उभं राहता येईल. कार्लोसला ही कल्पना आधी आवडली नव्हती, मित्राला वगळलं असं त्याला वाटलं. दोघांच्याही बाजूने मला भरून येतं. वर्षभरात, ३ ऑक्टोबर २००६ ला नॉर्मन गेला. मेलबर्नजवळ विल्यम्सटाउनला झालेल्या अंत्यसंस्काराच्या वेळी त्याची शवपेटी वाहणाऱ्यांत सर्वांत पुढे स्मिथ आणि कार्लोस होते.

पण रिकाम्या जागेचा विषय निघालाच आहे, तर मला त्या सगळ्या गोष्टीत कुणाची जागा सर्वांत जास्त रिकामी दिसते, ते सांगते. बायकांची. संघटनेने काळ्या पुरुष खेळाडूंना एकत्र केलं, बैठका घेतल्या, खल केला. खेळाडू स्त्रियांना कुणी विचारलंच नाही. पुरुष ठरवतील, त्या मागून येतील, हे गृहीत धरलेलं. एडवर्ड्स यांनी पुढे ही चूक कबूल केली.

वायोमिया टायस ही जॉर्जियातल्या ग्रिफिन गावची. वडील एका दुग्धशाळेत राबायचे. टेनेसी स्टेट विद्यापीठात प्रशिक्षक एड टेंपल यांच्या हाताखाली ती तयार झाली. १९६४ मध्ये टोकियोत शंभर मीटरचं सुवर्ण, आणि १५ ऑक्टोबर १९६८ ला, म्हणजे त्या प्रसिद्ध संध्याकाळच्या आदल्याच दिवशी, मेक्सिकोत पुन्हा शंभर मीटरचं सुवर्ण, तेही जागतिक विक्रमासह. ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं विजेतेपद राखणारी ती पहिली व्यक्ती. पुरुष किंवा स्त्री, कुणीही. कार्ल लुइसला हे जमलं वीस वर्षांनी, आणि तेव्हा कित्येकांना वाटलं की असं पहिल्यांदाच घडतंय. मेक्सिकोत ती संघाच्या पांढऱ्या शॉर्ट्सऐवजी गडद रंगाची शॉर्ट्स घालून धावली. तो तिचा निषेध होता. कुणाच्या लक्षातही आला नाही. पाच दिवसांनी बार्बरा फेरेल, मार्गरेट बेल्स आणि मिल्ड्रेट नेटर यांच्यासह तिने चार बाय शंभरची रिले जिंकली, पुन्हा जागतिक विक्रम केला, आणि पत्रकारांपुढे जाहीर केलं की हा विजय आम्ही जॉन कार्लोस आणि टॉमी स्मिथ यांना अर्पण करतो. त्या वेळी त्या दोघांना हाकलून चार दिवसही झाले नव्हते. संघ घरी पाठवण्याची धमकी हवेत होती. ज्यांनी आपल्याला बैठकीलाही बोलावलं नाही, त्यांच्यासाठी या चौघींनी आपलं सोनं पुढे केलं. पुरुषांनी आम्हाला गृहीत धरलं, हे टायसने पुढे स्पष्ट सांगितलं. पण अर्पण केलेला विजय तिने कधी मागे घेतला नाही.

तिच्या गावात आता तिच्या नावाचं १६४ एकरांचं उद्यान आहे. तिने आत्मचरित्रही लिहिलंय. पण मुठींच्या फोटोवर जितकं लिहिलं, चित्रित केलं, रंगवलं गेलं, त्याच्या तुलनेत त्या पत्रकार परिषदेतल्या एका वाक्यावर काहीच झालेलं नाही. ‘सॅल्यूट’ जरूर पाहा, शक्य असेल तर घरातल्या पोरांना बरोबर घेऊन पाहा. आणि माहितीपट करणाऱ्या कुणापर्यंत माझं म्हणणं पोचलंच, तर पुढचा त्या चौघींवर करा, मी पहिल्याच दिवशी बघायला येईन.